ख्रिस्ती विद्यापीठात तत्त्वज्ञानाची पदवी: तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

अमळनेरच्या मुलीने तत्त्वज्ञान शिकायला बंगळूर गाठावे, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली, कारण प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये उभारलेले तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, आमच्याच गावात आहे. शेजाऱ्यांची शंका निराळी होती: ख्रिस्ती संस्थेत तत्त्वज्ञानाच्या नावाखाली बायबलच शिकवणार. तिथल्या एका विद्यापीठातून याच मुख्य विषयात बी.ए. झाल्यावर मला एवढे सांगता येते, की ती शंका निराधार होती. तक्रारीच्या जागा दुसऱ्याच आहेत.

मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा पेपर एका फादरांकडे होता आणि सगळ्या अभ्यासक्रमात सर्वांत कसदार तोच निघाला. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस ‘ईश्वर आहे का’ या प्रश्नाला हात घालताना आधी ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे दोन आक्षेप मांडतो: ईश्वर अनंत चांगला असेल तर जगात वाईट का, आणि घडणाऱ्या गोष्टींचा उलगडा निसर्गाने व माणसाच्या बुद्धी-इच्छेने होत असेल तर ईश्वर मानायचाच कशाला? त्याचे प्रसिद्ध ‘पाच मार्ग’, म्हणजे ईश्वर आहे हे दाखवणारे पाच युक्तिवाद, त्यानंतर येतात. फादर या आक्षेपांवर दोन आठवडे थांबले आणि ते अधिक बळकट करून लिहिण्याचे काम त्यांनी आम्हाला दिले. माझ्या कागदावर लाल शाईत शेरा आला, ‘हा आक्षेप मी सहज उडवून लावीन, पुन्हा लिहा.’ ज्यांचा स्वतःचा विश्वास पणाला लागला होता, त्यांनीच पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, असा घोटून घ्यावा, याची मी अपेक्षा केली नव्हती. अकराव्या शतकात ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करू पाहणाऱ्या अन्सेल्मने गौनिलो या ख्रिस्ती भिक्षूचा आक्षेप आपल्या उत्तरासह स्वतःच्या ग्रंथाला जोडून ठेवायला सांगितले होते, हेही त्याच तासाला कळले.

भारतीय दर्शनांना मात्र एकच पेपर होता. सहा दर्शने, बौद्ध, जैन आणि चार्वाक एका सत्रात उरकले. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातले ठरलेले अनुमान फळ्यावर आले आणि पाच मिनिटांत पुसले गेले. न्यायदर्शनातल्याच उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ईश्वरसिद्धीसाठीच लिहिलेला ग्रंथ अक्वायनसच्या शेजारी ठेवून शिकवता आला असता, पण त्याचे नावही निघाले नाही.

बाकीचे थोडक्यात. शुल्क कापसाच्या एका हंगामात निघणारे नाही, हे शेतकरी पालकांनी आधीच धरून चालावे. उपस्थितीचा नियम कडक आहे. भुसावळ, जळगावहून कर्नाटक एक्सप्रेस थेट जाते खरी, पण सणाला घरी येण्याएवढी सुट्टी क्वचितच मिळते. मेसमधल्या वांग्याच्या भरताविषयी खानदेशी माणसाने न बोललेलेच बरे.

शेवटच्या वर्षी वाचनयादीत भारतीय तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्यांचा ‘विचारांतील स्वराज्य’ हा निबंध होता. हेच भट्टाचार्य काही काळ अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालक होते, असे मी उभी राहून सांगितले, तेव्हा प्राध्यापकांनी गावाचे नाव दोनदा विचारून घेतले आणि फळ्यावर चुकीच्या स्पेलिंगने लिहिले. पुढच्या आठवड्यात त्या संस्थेवर बोलायला त्यांनी मला दहा मिनिटे दिली. तीन वर्षांत अमळनेरचे नाव वर्गात निघाले ते तेवढेच.