सुरीवरचा गंज: लिंबू की खायचा सोडा?

भाचीने विचारलं, स्टीलच्या सुरीवर तांबूस ठिपके आलेत, लिंबू चोळू की सोडा? दोन्ही घरातलेच, खर्च नगण्य. फरक कामाच्या पद्धतीत आहे.

लिंबातलं आम्ल गंज विरघळवतं. रस लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग मऊ घासणीने पुसायचं. पात्याच्या मुठीजवळच्या खाचेत, जिथे बोट पोचत नाही, तिथेही रस शिरतो. मेहनत कमी, पण रात्रभर भिजत ठेवलं तर पातं काळपट पडतं. सुरीच्या स्टीलमध्ये कार्बन जास्त असतो, त्यामुळे ते डब्या-वाट्यांच्या स्टीलपेक्षा लवकर गंजतं आणि आम्लापुढेही कमी टिकतं.

सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट मात्र घासूनच काम करते. हात दुखतात, खोल डाग राहतात. पण चकाकीला फारसा धक्का लागत नाही आणि लाकडी मूठ भिजवावी लागत नाही. दोन्ही एकत्र करू नका: फेस येतो, आम्लाचा जोर संपतो.

तारेची घासणी तर नकोच. लोखंडी तार असेल तर तिचे कण भांड्यात अडकतात आणि तेच पुढे गंजतात. मिठाचं पाणी साचू देणंही टाळा, मिठातल्या क्लोराइडमुळे स्टीलवरचा, गंजापासून वाचवणारा क्रोमियमचा पातळ थर फुटतो.

वरवरचे ठिपके, चकचकीत ताटं, लाकडी मुठीची सुरी: सोडा. खाचेतला किंवा जुना गंज: लिंबू, मग धुऊन लगेच कोरडं पुसणं. बोटाला खड्डे लागत असतील, तर दोन्हींनी ते भरत नाहीत. सुरी धारवाल्याकडे द्या.