नळी घालताना डोकं: उशीवर की नुसतं मागे?

कोल्हापुरात भूल देताना, श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्वरयंत्र नीट दिसावं म्हणून मी आधी उशी मागते. ७ ते १० सेंटिमीटरच्या उशीने मान छातीकडे झुकते, मग डोकं मागे वळवायचं, फूल हुंगताना असतं तसं. १९३६मध्ये भूलतज्ज्ञ मॅगिल यांनी ही ठेवण सांगितली.

उशीविना डोकं नुसतं मागे वळवणं झटपट होतं. २००१च्या फ्रेंच चाचणीत बहुतेकांना तेवढंच पुरलं. लठ्ठ किंवा आखडलेल्या मानेच्या रुग्णांत मात्र उशी सरस ठरली. परवा लक्ष्मीपुरीतल्या वजनदार काकांच्या खांद्यांखालीही चादरींच्या घड्या रचल्या, कान छातीच्या हाडावरच्या खाचेच्या रेषेत आणला, आणि स्वरयंत्र लगेच दिसलं. केवढा जीव भांड्यात पडला!

मानेला मार लागलेल्या रुग्णाला दोन्ही नकोत. तिथे मान स्थिर धरूनच नळी घालावी.