‘सिन्स’ की ‘फॉर’?
मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’. घोळ इथेच होतो. सुरुवात कधी झाली हे सांगायचं तर ‘सिन्स मंडे’; किती काळ लोटला ते सांगायचं तर ‘फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ आपल्या तोंडी इतकं बसलंय की कानाला खटकतच नाही.

पण मला खरी अडचण क्रियापदाची वाटते. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स 2019’ यात ‘सिन्स’ बरोबर आहे, चुकलंय ते ‘अ‍ॅम लिव्हिंग’. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं; आपल्या ‘राहतोय’चं शब्दशः भाषांतर पुरत नाही. ‘फॉर’ साध्या भूतकाळातही चालतं: ‘आय लिव्ह्ड देअर फॉर टू इयर्स’, म्हणजे दोन वर्षं राहिलो, आता तिथे राहत नाही.