ओपनएलडॅप की ३८९ डिरेक्टरी सर्व्हर: सोर्समधून बिल्ड करायचा तर कोणता?

दोन्ही एलडॅप सर्व्हर, म्हणजे संस्थेतल्या लोकांची आणि लॉगिनची माहिती ठेवून नेटवर्कवर पुरवणारे, मूळचे एकाच घराण्यातले. मिशिगन विद्यापीठात लिहिलेल्या स्लॅपडी या एलडॅप सर्व्हरच्या कोडवर १९९८ मध्ये ओपनएलडॅप प्रकल्प उभा राहिला. दुसरी शाखा नेटस्केपच्या डिरेक्टरी सर्व्हरमार्गे रेड हॅटकडे गेली, २००५ मध्ये फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुली झाली आणि २००९ पासून ३८९ या एलडॅपच्या पोर्ट क्रमांकाच्या नावाने ओळखली जाते. कामगिरीत दोन्ही तगडे आहेत. फरक जाणवतो तो बिल्ड करताना, आणि त्याहून जास्त बिल्ड झाल्यानंतर.

ओपनएलडॅपला सोर्सची वाट धरायला सबळ कारण असतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ पासून त्याचं सर्व्हर पॅकेज रेड हॅट स्वतः देत नाही. डेबियनचं पॅकेज अनेक वर्षं ओपनएसएसएलऐवजी ग्नूटीएलएस या दुसऱ्या टीएलएस (एन्क्रिप्शनच्या) लायब्ररीवर बांधलेलं होतं. हवी ती टीएलएस लायब्ररी आणि मोजकेच ओव्हरले (सर्व्हरला जोडायच्या जादा सोयी) हवे असतील, तर स्वतः कंपाइल करणं योग्यच.

बिल्ड जुन्या वळणाची आहे: कॉन्फिगर, मेक डिपेंड, मेक, मेक टेस्ट, मेक इन्स्टॉल. सी कंपायलर, ओपनएसएसएल, सायरस सॅसल (ओळख पडताळणीची लायब्ररी) आणि मॉड्यूल्स हवी असतील तर लिबटूलची लायब्ररी, एवढ्यावर भागतं. लायब्ररींची डेव्हलपमेंट पॅकेजेस विसरू नका, नाहीतर कॉन्फिगर तिथेच अडतो किंवा ती सोय वगळून पुढे जातो. मेक टेस्टला बराच वेळ लागतो, कारण त्यात रेप्लिकेशनच्या (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर उतरवण्याच्या) चाचण्याही असतात. तरीही ती टाळू नका. या मशीनवर, या लायब्ररींसोबत सर्व्हर नीट चालतो का, हे तिच्याइतकं दुसरं काही सांगत नाही.

प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल कुठे व्हायचं तो फोल्डर, मात्र विचारपूर्वक ठरवा. काहीच सांगितलं नाही तर सगळं यूझर-लोकलमध्ये जातं, आणि सिस्टिमची स्वतःची एलडॅप क्लायंट लायब्ररी आधीपासून असतेच. कोणता प्रोग्राम कोणती लायब्ररी उचलतोय हे शोधण्यात मग दिवस जातो. ऑप्टखाली आवृत्तीच्या नावाचा वेगळा फोल्डर केलात तर ही कटकट उरत नाही.

इन्स्टॉल झालं तरी सर्व्हर तयार नसतो. सर्व्हरसाठी वेगळा यूझर, स्कीमा (नोंदींत कोणती माहिती असावी याचे नियम), सर्टिफिकेट, कॉन्फिग, सगळं तुम्हीच करायचं. स्लॅपअ‍ॅड हे डेटा भरणारं अवजार रूट म्हणून चालवलंत तर फायलींची मालकी रूटकडे राहते आणि सर्व्हर सुरू होत नाही. एमडीबी बॅकएंडची (डेटा साठवणाऱ्या भागाची) कमाल मर्यादा दिली नाही, तर ती १० एमबीच असते. चाचणीचा डेटा तेवढ्यात मावतो, खरी डिरेक्टरी भरू लागली की नोंदी नाकारल्या जातात.

३८९ ची गोष्ट उलटी आहे. बिल्ड जड, पण नंतरचं सोपं. सी कंपायलरशिवाय रस्ट आणि कार्गो, एनएसएस (टीएलएसची लायब्ररी), आयसीयू (युनिकोडची लायब्ररी), व्यवस्थापनाच्या अवजारांसाठी पायथन, वेब कन्सोल हवा असेल तर नोड. शिवाय ओपनएलडॅपची क्लायंट लायब्ररीही लागते, म्हणजे दुसरी निवड करूनही पहिलीची थोडी साथ राहतेच. कार्गो रस्टची क्रेट्स (तयार लायब्ररी) इंटरनेटवरून आणतो, त्यामुळे बाहेरचं नेटवर्क बंद असलेल्या मशीनवर ती आधी जमा करून ठेवावी लागतात.

इन्स्टॉलनंतर डीएसक्रिएट हे अवजार चालवलं की इन्स्टन्स, सफिक्स (डिरेक्टरीचं मूळ नाव) आणि स्वतः सही केलेलं सर्टिफिकेटही तयार होतं. पुढचं काम डीएसकॉन्फ या अवजाराने होतं. सर्टिफिकेट मात्र साध्या पेम फायलींऐवजी एनएसएसच्या डेटाबेसमध्ये राहतात. ओपनएसएसएलच्या सवयीतून येणाऱ्याला हे सुरुवातीला जड जातं.

माझं मत स्पष्ट आहे: ३८९ निवडत असाल तर वितरणाचं पॅकेजच घ्या. फेडोरा आणि रेड हॅटच्या परिवारात त्याची काळजी चांगली घेतली जाते, आणि ती सोडून स्वतः बिल्ड करण्यात फायदा क्वचितच आहे. कोडमध्ये बदल करायचा असेल किंवा एखादी दुरुस्ती आधीच तपासायची असेल, तर सोर्समधली आरपीएम पॅकेज बांधणारी मेकफाइल वापरा. निदान काढून टाकणं आणि बदलणं सोपं राहील. ओपनएलडॅप मात्र सोर्समधून घेण्यासारखा आहे, एका अटीवर: सुरक्षेची दुरुस्ती आली की ती वाचून, पुन्हा बिल्ड करून बसवणारा माणूस तुमच्याकडे कायम हवा. पॅकेज मॅनेजरला तुमच्या बिल्डची खबर नसते, तो काहीच आठवण करून देणार नाही. असा माणूस नसेल तर ३८९ घ्या.

जावाच्या वातावरणात वाढलेल्या टीमला अपाचेडीएस हा जावातला डिरेक्टरी सर्व्हर खुणावतो, मेव्हनने बिल्डही होतो. जावा अ‍ॅप्लिकेशनच्या चाचण्यांसाठी मला तो आवडतो. मोठ्या संस्थेचं लॉगिन त्यावर मी ठेवणार नाही.

ओपनएलडॅपच्या २.४ वरून २.५ किंवा २.६ वर जाणाऱ्यांनी जुन्या आवृत्तीच्या स्लॅपकॅटनेच सगळा डेटा एलडीफ या मजकूर फाइलीत काढून ठेवावा. जुने बीडीबी आणि एचडीबी बॅकएंड २.५ मध्ये काढून टाकले आहेत. नवा स्लॅपडी त्या फायली उघडणारच नाही. एलडीफ फाइल हाती असेल तरच डेटा एमडीबीत भरता येईल.