तांब्याचा बंब, आठ महिने वापरून

आंघोळीचं पाणी तापवायचा आमचा आजोबांच्या काळातला बंब (मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राखेची जाळी) गेल्या दिवाळीच्या तोंडावर कायमचा गेला. गळत तर दोन वर्षं होताच, बुडाशी मधली नळी बसते तिथं, दोनदा झाळून, म्हणजे डाग देऊन आणला, तिसऱ्यांदा नेला तर तांबटानं नखानं टोकरून बघितलं आणि म्हणाला, "दादा, पत्रा कागद झालाय, इथं झाळलं की शेजारी भोक पडणार, मोडीत घाला." झालं. घरात माणसं पाच आणि मतं सहा, कारण अव्वाची, म्हणजे आजीची, एकटीची दोन असतात.

आमचं घर सोलापुरात बाळीवेसला, जुनं, मागची बाजू अजून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. सोलर बसवायचं लय मनात होतं पण १०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच १०० किलो, वर स्टँड, ते माळवदावर ठेवायचं धाडस कोण करणार. गॅस गिझर मी स्वतःच नको म्हणलं, बाथरूमला खिडकी नाही आणि त्यातनं निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत काम संपतं. राहिला लाइटचा गिझर. वायरिंग जुनं, २ किलोवॅटचा लोड टाकायचा तर नवी लाइन ओढावी लागणार, त्यात आमचं अर्धं पाणी बोअरचं, बहिणीकडं दोन वर्षांत दोन एलिमेंट गेली, काढलेलं एलिमेंट बघितलं तर चुन्यात बुडवून काढल्यासारखं. आणि अव्वाचं म्हणणं, विजेचं पाणी अंगाला लागत नाही. ह्याला उत्तर कुणाकडं असलं तर सांगा. एकूण बंबाच्या जागी बंबच आला.

दुकानात गेलो की पहिला प्रश्न, तांब्याचा का स्टीलचा. दुकानदार म्हणाला तांब्याचा लवकर तापतो. मला हे पटलं नाही आणि आता आठ महिन्यांनी तर अजिबात पटत नाही. तांबं उष्णता स्टीलपेक्षा वीस-पंचवीस पट चांगली वाहतं हे खरं, पण बंबाचा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटरचा, तेवढ्यातनं कुठलाही धातू उष्णता सोडतो. खरं अडतं ते आगीकडनं पत्र्यापर्यंत पोचण्यात. म्हणजे मधली नळी किती रुंद, जाळी कशी, खालनं हवा किती शिरते, ह्याच्यावर सगळं. तरी घेतला तांब्याचाच, ३५ लिटरचा, कारण वेगळं. तांबं गळलं तर झाळता येतं आणि मेलं तरी किलोवर विकलं जातं, जुन्या बंबाच्या मोडीत नव्याचे निम्म्याच्या जवळ पैसे सुटले. स्टीलचा त्याच मापाचा निम्म्याहून स्वस्त होता हेही सांगतो, ज्यांच्याकडं मोड नाही त्यांनी तोच बघावा.

माझं म्हणाल तर घ्यायच्या आधी घरात जळण काय येतं ते बघा. आमच्याकडं अक्कलकोटकडच्या शेतातनं जानेवारीत टेम्पोभर तुराट्या येतात, बाकी वेळ बाभळीचं सरपण, अधनंमधनं करवंट्या. तुराटी भडकन पेटते आणि पाच मिनिटांत राख, त्यामुळं सारखं वरनं घालत बसावं लागतं. नळी चिंचोळी असली की तुराट्या मध्येच आडव्या अडकतात आणि धूर उलटा तोंडावर. दुकानात मी हाताची मूठ नळीत घालून बघत होतो तर पोरगं हसायलं. मूठ सहज गेली पाहिजे, कोपरापर्यंत गेली तर उत्तम. चार बंब सोडून पाचवा घेतला तो ह्याच्यासाठी.

पहिला जाळ नरक चतुर्दशीला, पहाटे पावणेपाचला. भारी तापला, पंचवीस मिनिटांत पाणी असं की निम्मं गार मिसळावं लागलं. घरचे खूश. चारच दिवसांत खोट कळली, जाळीच्या फटी एवढ्या रुंद की निखारा पिकायच्या आत खाली राखेत. अर्धं जळण नुसतं गळून जायचं आणि खाली राख साचून हवा कोंडली की वर सगळं धुमसत बसायचं. परत दुकानात गेलो तर "असलीच येते जाळी" हे उत्तर. मग गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडनं ८ एमएमच्या सळईची जाळी करून घेतली, फट करंगळीएवढी. त्या एका जाळीनं बंब बदलला म्हणलं तरी चालेल. पहिल्यांदा दोन-सव्वादोन किलो सरपण लागायचं, आता दीड किलोत भागतं, काट्यावर तोलून सांगतोय.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा खरी परीक्षा झाली. दहा माणसं, सकाळी सलग तीन घाण, म्हणजे तीनदा बंबभर पाणी तापवलं. मधली नळी गरमच असते म्हणून दुसरा घाण पंधरा-सोळा मिनिटांत तापतो. फक्त एक, तोटीतनं पाणी काढलं की वरनं लगेच गार घालायचं, हे पाहुण्यांना सांगता सांगता माझा घसा बसला.

फेब्रुवारीत वाटायला लागलं की पाणी उशिरा तापतंय. जळण तेच, वेळ दहा मिनिटं जास्त. झाकण काढून बॅटरीनं बघितलं तर नळीवर पांढरा थर, नखानं खरवडला की पोपडा निघतोय. बोअरचं पाणी, दुसरं काय. लिंबाचं सत्व गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी खळखळून ओतलं तर वाळूसारखी भुकटी निघाली. आता महिन्याला एकदा करतो आणि आंघोळीला होईल तेवढं नळाचंच पाणी घालतो, पण नळाला पाणी चार दिवसाआड, त्यामुळं ते जमेल तेवढंच. बाहेरनं चिंच किंवा पितांबरी, ते आईचं खातं, मी हात लावत नाही.

तोटीचा वायसर मार्चमध्ये गेला, किरकोळ काम, नवा टाकला तरी थेंब थेंब चालूच आहे, खाली तांब्या ठेवलाय.

स्वस्त पडतो का असं जो तो विचारतो. सरपण विकत घेतलं तर नाही. वखारीतनं आणलं तेव्हा आठ रुपये किलो पडलं, म्हणजे एका वेळेला बारा रुपये. तेवढंच पाणी गिझरवर दीड-पावणेदोन युनिटात तापतं, फार फरक नाही, वर बंबाला पहाटे उठून फुंकायचं. घरचं जळण असलं तरच परवडतो. सुताराकडच्या ढलप्या फुकट मिळतात म्हणून मी एकदा आणल्या, त्यात प्लायचे तुकडे होते, तो धूर डोळ्यांत गेला तो दोन दिवस राहिला, ते अजिबात जाळू नका. आणि बंब बाथरूममध्ये ठेवू नका, आमचा मागच्या उघड्या पडवीत आहे.

आता एक तक्रार जिला इलाज नाही. बंब अर्धा भरून जाळ घालता येत नाही, पाण्याच्या वरची नळी कोरडी तापली की झाळ सुटते, जुना बंब असाच गेला असणार. मे महिन्यात तर सोलापुरात टाकीचंच पाणी दुपारी हाताला चटका देतं, बाकी सगळ्यांनी बंब बंद केला, पण अव्वाला पहाटे एक बादली गरम लागतेच, आजही. त्या एका बादलीसाठी रोज ३५ लिटर तापवायलोय, उरलेल्यात आई भांडी घासते.