अप्पांच्या जुडग्यातली नवी किल्ली

अप्पांच्या जुडग्यात चार किल्ल्या होत्या. दाराची, कपाटाची, सायकलच्या कुलुपाची आणि एक कशाची ते आता कुणालाच आठवत नाही अशी. गेल्या वर्षी त्यात पाचवी आली. बोटाच्या दोन पेरांएवढी, काळी, चपटी, एका टोकाला यूएसबी-सी आणि मधोमध सोनेरी चकती. तिला पडदा नाही, बॅटरी नाही, चार्जिंगची भानगड नाही. ईमेलसारख्या खात्यात शिरताना कोडऐवजी ती लावायची. बाजारात तिला सिक्युरिटी की म्हणतात, आमच्या घरात ती नुसती 'किल्ली' झाली आहे. वर्षभर अप्पांनी आणि मी ती वापरली, त्याचा हा अनुभव. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फिडो२ या लॉगिनच्या मानकाच्या किल्ल्या बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांनाच लागू पडतं.

किल्ली घेतली ती अप्पांचं ईमेल खातं गेलं म्हणून. अप्पा निवृत्त शिक्षक आहेत, आयुष्यभर गणित शिकवलं. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं, सगळे फोटो, त्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका, सगळं त्या एका खात्यात होतं. एके संध्याकाळी पासवर्ड चालेना. मला कळल्यावर मी धावत गेले आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो आपण सगळेच विचारतो.

"अप्पा, ओटीपी कुणाला दिलात का?"

"दिला नाही गं कुणालाच. पानावर मागितला, तिथे टाकला."

मी त्यांच्यावर चिडायच्या तयारीत होते, पण हे ऐकून गप्प झाले. ते खरंच बोलत होते. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा वाचलं होतं आणि ते तंतोतंत पाळलंही होतं. फोनवर कुणी मागितला असता तर त्यांनी फोन आपटला असता. पण पानावरच्या चौकोनात आकडे टाकणं हे त्यांच्या लेखी 'सांगणं' नव्हतंच. ते तर रोजचं काम होतं. चौकोन आला की फोन उचलायचा, सहा आकडे बघायचे आणि शेजारचं घड्याळ शून्यावर यायच्या आत टाकून मोकळं व्हायचं. या सवयीत थांबून पत्ता वाचायला वेळच ठेवलेला नाही. खोटं पान असेल तर ते पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही घेऊन त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतं. अप्पांना घाई करायला शिकवलं ते खऱ्या पानांनी, आणि त्याचा फायदा घेतला खोट्या पानाने.

पासवर्डचंही तेच झालं आहे. अप्पांच्या वहीत एकाच शब्दाच्या सात आवृत्त्या होत्या. शेवटी १, मग २, मग ३, मध्येच 'a' काढून '@'. ही युक्ती त्यांची एकट्याची नाही. २००३ साली अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेसाठी बिल बर मार्गदर्शिका लिहीत होते. मोठी लिपी, लहान लिपी, आकडे, चिन्हं यांची सरमिसळ करा आणि पासवर्ड बदलत राहा, हा सल्ला तिथूनच जगभर पसरला. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की, आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं या दोन्हींच्या विरोधात सल्ला दिला. पण मधल्या चौदा वर्षांत माणसांची बोटं वळायची तशी वळली. नियम पाळल्याचं दाखवायचं आणि लक्षात राहील असंच काहीतरी ठेवायचं. त्याला मी आळस म्हणणार नाही. ज्याला वीस-तीस पासवर्ड सांभाळायचे आहेत तो माणूस आणखी काय करेल?

आता किल्लीविषयी.

ती एखाद्या खात्याला जोडली की त्या खात्यापुरती, त्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली किल्ल्यांची एक जोडी तयार होते. गुप्त किल्ली त्या काळ्या तुकड्यातच राहते, बाहेर कधीच येत नाही. लॉगिन करताना संकेतस्थळ एक कोडं पाठवतं, ब्राउझर त्याला आपण प्रत्यक्ष कुठल्या पत्त्यावर आहोत हे जोडतो, आणि तुम्ही चकतीला बोट लावलं की किल्ली त्यावर सही करते. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी त्या पत्त्यासाठी किल्लीकडे काहीच नसतं. खोटं पान कितीही हुबेहूब असो, किल्ली त्याला ओळख देत नाही. बघणाऱ्याची नजर कमी असेल, तो दमलेला असेल, घाईत असेल, तरी फरक पडत नाही. खरं-खोटं ओळखायचं काम माणसाच्या डोक्यावरून उतरवलं, ही या वस्तूतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

पहिल्या दिवशी अप्पांनी अंगठा चकतीवर दाबून धरला, अगदी शाई लावून उठवतात तसा. त्यांना वाटलं ठसा घेतेय. आमची किल्ली ठसा घेत नाही. समोर खरंच कुणी माणूस आहे, संगणकात शिरलेला एखादा प्रोग्रॅम परस्पर सही करून घेत नाहीये, एवढीच खात्री त्या स्पर्शातून होते. हे सांगितल्यावर त्यांनी करंगळीने करून पाहिलं. मग माझं बोट धरून लावलं. चाललं. "म्हणजे ही मला ओळखत नाही, ती जागा ओळखते," असं म्हणाले. कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा हे वाक्य नेमकं आहे.

वापरातला बदल हळूहळू जाणवला. लॉगिन करताना अप्पांचे खांदे वर जायचे, फोन शोधायची धावपळ व्हायची. आता ते जुडगा काढतात, किल्ली लावतात, दिवा लुकलुकला की बोट टेकवतात. कुलूप उघडायची सवय हाताला सत्तर वर्षांची आहे, ती इथे जशीच्या तशी कामाला आली. फोनला तर लावावीही लागत नाही. आमच्या किल्लीत एनएफसी, म्हणजे नुसत्या टेकवण्याने काम करणारी बिनतारी सोय, आहे, फोनच्या पाठीला टेकवली की पुरे. किल्लीसारखी दिसणारी, जुडग्यात अडकणारी आणि हरवली तर जिची आठवण होईल अशी वस्तू बनवणाऱ्याने माणसाचा हात नीट पाहिलेला आहे.

जोडणी मात्र कुणीही वाईट म्हणेल अशी आहे. प्रत्येक संकेतस्थळावर तो पर्याय वेगळ्या कप्प्यात लपलेला असतो. कुठे 'सिक्युरिटी की', कुठे 'पासकी', कुठे 'टू-स्टेप'च्या पोटात तिसऱ्या पायरीवर. जोडताना ब्राउझर आधी 'या उपकरणावर पासकी साठवू का?' असं विचारतो. पासकी म्हणजे अशीच किल्ल्यांची जोडी. तिथे सवयीने 'हो' म्हटलं की ओळख लॅपटॉपमध्ये जाते आणि किल्ली रिकामीच राहते. हे माझ्याकडून दोनदा झालं. अप्पांकडून एकट्याने ही जोडणी पहिल्याच फेरीत झाली नसती, हे मी ठामपणे सांगते. काही ठिकाणी पिनही ठेवावा लागतो. सलग तीनदा चुकला की किल्ली काढून पुन्हा लावावी लागते आणि मध्ये एकदाही बरोबर न येता आठ चुका झाल्या की ती बंद पडते. मग सगळं पुसून नव्याने सुरुवात. हे चोराला रोखण्यासाठी आहे आणि योग्यच आहे, पण विसराळू माणसाला ते आधी कुणीतरी सांगायला हवं. आमच्या खोक्यात ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आणि किल्ल्या दोन घ्या. एक घेऊ नका. एकच असली आणि हरवली तर चोराआधी तुम्हीच बाहेर. आम्ही प्रत्येक खात्याला दोन्ही जोडल्या. दुसरी कपाटात, पाकिटात घालून ठेवली आहे. दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की कपाटातल्या किल्लीला मी लाल दोरा बांधला. रंग वेगळा द्यायला कंपनीला काय जड होतं?

आता ती घटना, जिच्यामुळे हे परीक्षण लिहायला बसले. किल्ली घेऊन चार महिने झाले असतील. अप्पांचा फोन आला. "अगं, माझ्या ईमेलची जागा भरली आहे म्हणून मेल आला होता. मी पासवर्ड टाकला. आता ते पान कोड मागतंय आणि कोड काही येत नाहीये. दहा मिनिटं बसलोय."

माझ्या पोटात गोळा आला. "अप्पा, किल्ली मागितली का त्याने?"

"नाही. कोडच मागतंय. मला कोड कुठून येणार? माझ्याकडे तर किल्ली आहे."

हे म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं. फोनवर मला ते ऐकू आलं, श्वास आत ओढल्याचं. आम्ही पान बंद केलं, पासवर्ड बदलला. खात्यात कुणीही शिरलं नव्हतं. चोराच्या हाती पासवर्ड होता, पण पुढच्या दारावर जी सही लागते ती आमच्या जुडग्यात होती.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. जोडणीच्या वेळी मी त्या खात्यातून एसएमएसचा पर्याय काढून टाकला होता. तो राहिला असता तर खऱ्या संकेतस्थळाला 'दुसरा मार्ग वापरतो' असं सांगून चोराने कोड पाठवायला लावला असता, आणि अप्पांनी तो टाकलाही असता. नवी किल्ली लावली आणि मागचं दार उघडंच ठेवलं, असं फार जणांचं होतं. पुष्कळ सेवा तर एसएमएस काढूच देत नाहीत. तिथे किल्ली सोय म्हणून चांगली आहे, पण तिच्या भरवशावर निर्धास्त झोपता येत नाही.

त्या रात्री अप्पा फार हिरमुसले होते. "पुन्हा फसलोच की मी." तेव्हा मी त्यांना क्लाउडफ्लेअरची हकिगत सांगितली. इंटरनेटच्या सुरक्षेचं काम करणारी ही कंपनी. जुलै २०२२ मध्ये तिच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना खोट्या लॉगिन पानाचे एसएमएस आले. तिघांनी आपला पासवर्ड टाकला. ते पानही पुढे कोडच मागत होतं. पण तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याकडे फिडोची किल्ली होती, कोड वापरातच नव्हता, त्यामुळे चोर तिथेच अडला. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं आणि त्या तिघांना दोषी धरलं नाही. गूगलनेही २०१८ मध्ये सांगितलं होतं की, २०१७ च्या सुरुवातीपासून किल्ली सक्तीची केल्यानंतर ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कुणाचंही कामाचं खातं अशा फसवणुकीने गेल्याचं आढळलेलं नाही. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्या तिघांचं वय काय असेल?" मी म्हटलं, तुमच्या निम्मंसुद्धा नसेल. ते ताठ बसले.

किल्लीच्या मर्यादाही सांगते, कारण या घटनेनंतर अप्पांचा तिच्यावर नको तितका विश्वास बसू लागला होता. जिथे ती जोडलेली नाही तिथे तिचा काही उपयोग नाही. लॉगिन झाल्यावर संगणकातल्या एखाद्या घातक प्रोग्रॅमने चालू सत्रच चोरलं, तर किल्ली काही करू शकत नाही. फोनवर गोड बोलून कुणी तुमच्याच हातांनी पैसे पाठवायला लावले, तर त्यातही नाही. शिवाय आमच्या किल्लीच्या आतलं सॉफ्टवेअर बदलता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅब या सुरक्षा-संशोधन संस्थेच्या संशोधकाने दाखवून दिलं की इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपमधल्या, अनेक किल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या, कोडमध्ये चौदा वर्षं एक दोष दडून होता. त्याचा गैरफायदा घ्यायला किल्ली हातात पडायला हवी, ती उघडून महागड्या उपकरणांनी मोजमाप करायला हवं. म्हणून सामान्य माणसाने घाबरायचं कारण नाही, पण घेताना नवी आवृत्ती आहे ना एवढं जरूर विचारा.

कुणी घ्यावी? ज्याचं एक ईमेल खातं गेलं तर त्यामागून बाकी सगळंच जाईल अशा प्रत्येकाने. म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच. आणि विशेषतः घरातल्या ज्या माणसाला आपण 'जपून हं, नीट बघून क्लिक करा' असं दर आठवड्याला बजावतो, त्याच्यासाठी. मी अप्पांना तसं बजावणं आता सोडलं आहे. त्या बजावण्याने ते जास्त जपून वागत नव्हते, फक्त माझ्यापासून चुका लपवत होते. पहिल्या वेळी त्यांनी मला दोन दिवस सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी दहा मिनिटांत फोन केला.

आणखी एक जोडी मागवली आहे, ताईसाठी. ती पुढच्या आठवड्यात येते आहे. जोडणी अप्पा करून देणार आहेत. त्यांनी सगळ्या पायऱ्या एका कागदावर लिहून ठेवल्या आहेत, आणि 'या उपकरणावर पासकी साठवू का?' या प्रश्नासमोर लाल शाईने दोन रेघा ओढून 'नाही' लिहिलं आहे.