गणिताची नवी मानकं: सगळ्या इयत्ता एकदम बदलायच्या की टप्प्याटप्प्याने?

नवीन मानकं, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलांना काय आलं पाहिजे याची यादी, आली की स्टाफरूममध्ये पहिला वाद यावरूनच होतो. एक गट म्हणतो काय तो गोंधळ एकदाच होऊन जाऊ दे, सगळ्या इयत्ता यंदाच बदला, दुसरा म्हणतो खालून सुरू करा आणि दरवर्षी एकेक इयत्ता पुढे न्या. मुद्दे दोघांकडेही आहेत, पण मीटिंगमध्ये बोलले जातात ते वेगळे आणि वर्गात नडतात ते वेगळे.

एकदम बदलण्याचा मोठा फायदा म्हणजे चौथीच्या बाई आणि पाचवीचे सर एकाच वेळी अडकलेले असतात, त्यामुळे एकमेकांना विचारतात तरी. टप्प्याटप्प्यात काय होतं, ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते निवांत आणि ज्यांची आलीये ते एकटे. पण एकदम बदललं की फटका बसतो मधल्या इयत्तांच्या मुलांना. अपूर्णांकांचंच घ्या, कारण बहुतेक गाडी तिथेच रुतते. जुन्या पद्धतीत अपूर्णांक म्हणजे गोल काढा, चार भाग करा, तीन रंगवा. अमेरिकेत २०१० साली आलेल्या कॉमन कोअर या मानकांमध्ये मात्र तिसरीतच अपूर्णांक संख्यारेषेवर जातो, म्हणजे ३/४ हा नुसता रंगवलेला तुकडा राहत नाही, ती एक संख्या आहे आणि रेषेवर तिची ठरलेली जागा आहे. आता जुन्या पद्धतीने शिकत आलेल्या सहावीच्या मुलाला विचारा की ३/४ मध्ये १/८ किती वेळा बसतात. तो म्हणणार उलटा करून गुणायचं ना, आणि उत्तर ६ बरोबर काढेलही, पण तेच सहा रेषेवर दाखव म्हटलं की गप्प. ५/४ रंगव म्हटलं तर चारच भाग आहेत, पाचवा कुठून आणू! यात त्याचं काय चुकलं, मधली तीन वर्षं त्याला कुणी दिलीच नाहीत.

टप्प्याटप्प्याने गेलात तर ही दरी पडत नाही, पण पहिलीपासून वर्षाला एक इयत्ता धरली तर आठवीला पोचायला आठ वर्षं लागतात, तोवर मुख्याध्यापक बदललेले असतात आणि कधीकधी मानकंसुद्धा. शिवाय एकच शिक्षक दोन-तीन इयत्तांना गणित शिकवत असेल तर त्याला दोन्ही पद्धतींची तयारी करावी लागते, जे लहान शाळांत फार जड जातं.

परीक्षेचा मुद्दा तर लोक शेवटी आठवतात, खरं म्हणजे तो आधी बघायला हवा. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये तिसरी ते आठवीच्या चाचण्या नव्या मानकांप्रमाणे बदलल्या आणि गणितात पात्र ठरणाऱ्यांचं प्रमाण आदल्या वर्षीच्या सुमारे ६५ टक्क्यांवरून ३१ वर आलं. पोरं वर्षभरात ढ झाली नव्हती हो, मोजपट्टीच बदलली होती, पण हे पालकांना निकालानंतर सांगत बसलात तर कोण ऐकतंय. इंग्लंडने जरा सावध काम केलं. तिथे नवा अभ्यासक्रम सप्टेंबर २०१४ पासून आला, पण दुसरी आणि सहावीच्या वर्षातल्या मुलांना २०१५ मध्ये जुन्याच परीक्षा द्यायच्या होत्या म्हणून गणित, इंग्रजी आणि विज्ञानात त्या वर्षांना एक वर्ष जुनंच ठेवलं. म्हणजे एकदम की टप्प्याने याच्या मध्येही वाट असते.

ट्रेनिंगमध्येही असेच दोन पर्याय, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे. सुट्टीत दोन दिवसांची कार्यशाळा स्वस्त पडते, सगळे एकत्र येतात, फोटो निघतात, आणि शाळा सुरू झाली की फाइल कपाटात. त्यापेक्षा जपानमध्ये चालतो तो पाठ-अभ्यास बघा: काही शिक्षक मिळून एक पाठ बसवतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलं कुठे अडखळतात ते टिपतात आणि नंतर पाठावर बोलतात, शिक्षकाला मार्क देत नाहीत. याला पैसे फार लागत नाहीत पण टाइमटेबलमध्ये एकत्र मोकळा तास लागतो, आणि तोच द्यायला शाळा सगळ्यात जास्त कुरकुर करतात.

माझ्या मते शाळा मोठी असेल, इयत्तेला वेगळा शिक्षक असेल तर पहिली-दुसरी आणि पाचवी अशा दोन ठिकाणांहून एकदम सुरुवात करा, पाचवीला पहिले काही आठवडे फक्त अपूर्णांक आणि संख्यारेषा. लहान शाळेने सरळ एकदम बदलावं, फक्त परीक्षेची इयत्ता वर्षभर बाजूला ठेवावी. आणि तो एकत्र तास काही केल्या निघतच नसेल तर पूर्ण अभ्यासक्रमाला हात न लावता यंदा सगळ्या इयत्तांत एकच घटक नव्या पद्धतीने घ्या, निदान शिक्षकांना कळेल की पुढच्या वर्षी कुठे कुठे अडणार आहे.